भटकी नोंद

१

चेंबरचं जाड दार लोटायचं, चौथरा फिरवायचा, आलेख काढायचा आणि मगच चहाला हात लावायचा, असा चिंगीचा सोळा वर्षांचा नेम होता. चिंगी हे अर्थात घरचं नाव. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत आणि जरा वचकूनच असत, कारण मॅडमच्या गणितात चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान मॅडमचं तरी तसं मत होतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. एखादी अँटेना कोणत्या दिशेला किती जोराने बोलेल, हे ती बनायच्या आधीच गणिताने सांगायचं. याला मॉडेल म्हणायचं. मग खरी अँटेना चेंबरमधल्या फिरत्या चौथऱ्यावर ठेवायची, समोरच्या टोकाला ऐकणारी दुसरी अँटेना लावायची, आणि चौथऱ्याचा एक फेरा पुरा होईपर्यंत अंशाअंशाला मोजत जायचं. गणिताची रेघ निळी, मोजलेली लाल. एकीवर एक बसली की काम फत्ते.

चेंबर म्हणजे बिनखिडकीची उंच खोली. भिंतींना, छताला सगळीकडे स्पंजची टोकदार निळी सुळकी. ती लहरी गिळायची, तसाच आवाजही गिळायची. आत बोललं की शब्द ओठांवरच विरून जात. नवी माणसं तिथे पाच मिनिटांत कासावीस व्हायची. चिंगीला मात्र तिथे बरं वाटायचं. गेल्या पाच वर्षांत तर फारच.

त्या सोमवारी रुग्णवाहिकेच्या टपावर बसवायची एक अँटेना मोजायची होती. चौथऱ्यावर टपाएवढा पत्रा मांडला होता, तरी कडेला माणूस उभा राहील एवढी जागा उरली होती. फेरा सुरू झाला. लाल रेघ निळीवरून अगदी शहाण्यासारखी चालत गेली, आणि एकशे चाळीस अंशांवर एकदम खाली बसली. खाच पडली. पुढे पुन्हा सरळ.

"वायर ढिली असेल," मिस्त्री म्हणाला. चेंबर सांभाळणारा हा वयस्कर माणूस. उमेदीत रेडिओ दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. त्याने वायर बदलली. चिंगीने पुन्हा फेरा लावला आणि चहा तसाच निवत ठेवला.

खाच जागच्या जागी होती.

२

मंगळवारी मिस्त्रीने अँटेना बदलली, पत्रा बदलला, समोरची ऐकणारी अँटेनाही उतरवून दुसरी चढवली. खाच काही हटेना.

"मॅडम, एक सांगू का?" तो डोकं खाजवत म्हणाला. "खोलीत काही आडवं आलं असतं ना, तर चौथरा कसाही फिरला तरी ते मध्ये आलं असतं. सगळी रेघच बसली असती. पण ही एकाच बाजूला बसते. म्हणजे जे काय आहे ते अँटेनाबरोबर फिरतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे चौथऱ्यावर आहे."

दोघांनी आत जाऊन बघितलं. चौथऱ्यावर अँटेना होती, पत्रा होता आणि काही नव्हतं. मिस्त्रीने एकशे चाळीस अंशांच्या खुणेजवळ हवेत हात फिरवला आणि पटकन मागे घेतला.

"काय झालं?" चिंगीने विचारलं.

"कुठं काय? काहीच नाही." तो हात पँटला पुसत होता. "पुरे आता. बाहेर चला."

चिंगीला त्याचं हसू आलं. एवढा जुना माणूस, आणि रिकाम्या पत्र्याला बुजतो. हसू आलं खरं, पण त्याच्या मागोमाग तीही जरा घाईनेच बाहेर पडली.

३

बुधवारी तिने ठरवलं, मोजमाप सुधारत नाही तर गणितात ही खाच कशाने पडेल ते शोधू. अडचणीतून वाट काढायची तिची ही नेहमीची रीत. काय आहे ते कळत नसेल, तर काय असल्याने असं होईल ते विचारायचं.

तिने मॉडेलमध्ये पत्र्याच्या कडेला एक लोखंडी खांब उभा केला. खाच पडली, पण फार तीक्ष्ण. लाकूड ठेवून पाहिलं, खाच उथळ. मग तिने या धंद्यातली एक जुनी युक्ती वापरली. गणितात माणूस उभा करायचा असेल तर नाक-डोळे लागत नाहीत. खाऱ्या पाण्याने भरलेलं एक उभं नळकांडं घ्यायचं. लहरींच्या लेखी माणूस तेवढाच.

निळी रेघ खाली बसली आणि लाल रेघेला जवळजवळ चिकटली.

चिंगी उंची कमीजास्त करत गेली. पाच फूट पाच. पाच फूट सहा. पाच फूट सातला रेघा सगळ्यांत जास्त जुळल्या, तरी एका बाजूला थोडं उरतच होतं. तिथे लहरींची सावली जरा जास्त वर गेली होती. तिने खूप विचार केला. मग, उगाच आपलं करून बघू म्हणून, मोठ्या नळकांड्याला खांद्याच्या उंचीवर एक बारीक नळकांडं जोडलं आणि ते सरळ वर उभं केलं.

आता दोन्ही रेघांच्या मध्ये केसभरही जागा राहिली नाही.

ती पडद्याकडे बघत राहिली. पाच फूट सात उंचीचं कोणीतरी, उजवा हात डोक्यावर उंच धरलेला. रेंज शोधताना माणूस फोन धरतो तसा.

तिने संगणक बंद केला आणि घरी गेली. डबा टेबलावरच राहिला.

४

दादाची उंची पाच फूट सात होती.

दादा म्हणजे चिंगीचा थोरला भाऊ. तिचं गणित आणि त्याचे पाय, अशी त्यांची जोडी होती. तेव्हा चेंबरच्या कामाशिवाय ती ऑफिसात बसून कोणत्या टॉवरचं सिग्नल कुठवर पोचेल त्याचा नकाशा करायची. तो गाडीत मीटर घालून रस्तोरस्ती हिंडायचा आणि खरंच पोचतं का ते मोजून आणायचा. "तू आकाशात रेघा मार, मी खाली चपला झिजवतो," म्हणायचा. बहिणीच्या शिक्षणाचा त्याला कोण अभिमान! अनोळखी माणसालाही सांगत सुटायचा.

त्यांच्या खात्यात एक रीत होती. गणित आणि मोजमाप यांत फारच फरक पडला, तर त्या नोंदीपुढे 'भटकी' असा शेरा मारायचा आणि ती वगळायची. मीटरला धक्का लागतो, बॅटरी उतरते, माणूस डुलकी काढतो. शंभर नोंदींत दोन-तीन भटक्या निघायच्याच. कोणाला त्याचं काही वाटत नसे.

दादाने जुन्या दगडखाणीच्या वळणावरची नोंद आणली तेव्हा तिथे सिग्नल नाहीच, असं निघालं. चिंगीच्या नकाशात तिथे भरपूर होतं.

"अगं, रस्ता खाली उतरतो तिथे," दादा म्हणाला होता. "दोन्ही बाजूंना उभा खडक. चिटपाखरू ऐकत नाही आपलं. मी फोन पार डोक्यावर धरून बघितला."

"माझ्या नकाशात सपाट आहे."

"तुझा नकाशा खाणीच्या आधीचा असेल. एकदा चल माझ्याबरोबर, बघून ये."

"दादा, माझ्याकडे वेळ नाही. तुझं मीटर तपासून घे."

तो वादात पडला नाही. हसला, "तू म्हणशील तसं," म्हणाला आणि गेला. चिंगीने शेरा मारला. भटकी. नकाशात ते वळण हिरवंगार झालं आणि तिथे टॉवर उभारायची गरज उरली नाही.

सात महिन्यांनी त्याच वळणावर दादाची गाडी खाणीत उतरली. तिसऱ्या दिवशी सापडली. डॉक्टर म्हणाले, लगेच नाही गेले, संध्याकाळपर्यंत असतील. फोनचा पार चुरा झाला होता. चौकशीवाल्यांनी नकाशा बघितला आणि लिहिलं की त्या जागी सिग्नल भरपूर होतं. म्हणजे त्यांनी फोन केला नसावा. शुद्ध नसेल.

वहिनीने मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. त्या दिवशी सकाळी गळक्या नळावरून दोघांचं वाजलं होतं, आणि तो दारातून बाहेर पडताना ती ओरडली होती, "आज मला फोनसुद्धा करू नकोस!"

"एरवी कधी माझं ऐकलं नाही गं," वहिनी चिंगीला म्हणाली होती. "आणि नेमकं तेवढंच ऐकलं."

त्या क्षणी चिंगीने तोंड उघडायला हवं होतं. वहिनी, तिथे रेंजच नव्हती, त्याने कितीही फोन केले असते तरी लागले नसते, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग वहिनीने विचारलं असतं, तुला कसं माहीत? चिंगीने तिचा हात हातात घेतला आणि गप्प राहिली. तेव्हापासून पाच वर्षं ती दर रविवारी वहिनीकडे जायची, तासभर बसायची आणि गप्प राहायची.

५

गुरुवारी खाचेचा आकार बदलला.

बुधवारचं मॉडेल जुळेना. चिंगीने बराच वेळ वरवरचे आकडे हलवून पाहिले, कारण खरं काय हलवायचं ते तिला कळलं होतं आणि ते करायचं नव्हतं. शेवटी तिने बारीक नळकांडं खाली आणलं, कोपरात वाकवलं आणि त्याचं टोक मोठ्या नळकांड्याच्या वरच्या भागाला टेकवलं. फोन कानाला लावल्यावर हात असतो तसं.

रेघा जुळल्या.

"हे गणित आहे," ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. "शंभर आकडे हातात असले की वाटेल ते जुळवता येतं. उद्या हत्ती ठेवलास तर हत्तीसुद्धा जुळेल." बोलणं अगदी बरोबर होतं. मग तिने खरंच दुसरे आकार ठेवून पाहिले. खुर्ची ठेवली, शिडी ठेवली, हात खाली सोडलेला माणूस ठेवला. एकही जुळला नाही.

दुपारी साहेब आले. साहेब म्हणजे विभागप्रमुख. भला माणूस, फक्त घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली.

"मॅडम, अहवाल उद्या जायचाय. बाकी सगळं जुळतंय ना?"

"एक कोपरा सोडून."

"किती वेळा मोजलं?"

"बावीस."

"मग भटकी म्हणून सोडा ना. नियम तुमचाच आहे. अहो, तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना."

चिंगी काचेतून चेंबरच्या बंद दाराकडे बघत होती. या वेळी शेरा मारायचा नाही, असं तिने मनात म्हटलं. खूप जोराने म्हटलं. आणि मग डोळ्यांसमोर आलं ते साहेबांना समजावणं, चौकशी, जुनी फाइल कोणीतरी उघडणं. पाच वर्षांपूर्वी जी भीती होती, तीच. वाढली नव्हती, कमीही झाली नव्हती.

तिने त्या नोंदींपुढे शेरा मारला.

संध्याकाळी मिस्त्रीने दिवे मालवून चेंबरचं दार उघडलं आणि ते धरून क्षणभर बाजूला उभा राहिला. मागून कोणाला वाट द्यावी तसा.

"कोणासाठी धरलंत?" चिंगीने विचारलं.

मिस्त्री दचकला. दाराकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं. "काय की," तो म्हणाला. "असं वाटलं आपलं."

६

शुक्रवारी लाल रेघ निळीवर तंतोतंत बसली. कुठे म्हणून खाच नाही. साहेबांनी पाठ थोपटली. चिंगीने गरम गरम चहा प्यायला आणि किती दिवसांनी हलकं वाटलं तिला. हे हलकं वाटणं तिला पुढे कधी विसरता आलं नाही. आठवलं की तिला स्वतःची शिसारी यायची.

रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला, पण शेजारणीच्या नंबरावरून.

"चिंगी, येशील तेव्हा माझा फोन बघ जरा. गुरुवारी रात्रीपासून रेंजच नाही."

"बंद करून चालू कर."

"सगळं करून झालं गं. गंमत सांगते. शेजारणीचा फोन माझ्या घरात मस्त चालतो. पण मी हातात घेतला की त्याचीही रेंज जाते. आत्तासुद्धा तीच धरून उभी आहे, मी लांबून बोलतेय. म्हणते, तुमच्या अंगातच काहीतरी आहे." वहिनी हसत होती. "मी म्हटलं, आमच्या नणंदबाईंना विचारते. त्यांचं शिक्षणच त्यातलं."

चिंगीने फोन ठेवला. ती ऑफिसात जाऊन छोटं मीटर घेऊन आली. दादा न्यायचा तसलंच, हातात मावणारं. बसमध्ये ती सारखी मनाशी घोकत होती की भिंतीत नवीन लोखंड असेल, शेजारी कोणी यंत्र लावलं असेल. कारणं पुष्कळ सापडत होती. उतरायची वेळ आली तरी त्यातलं एकही तिला पटलं नव्हतं.

७

वहिनी कपडे शिवून द्यायची. खिडकीजवळ तिचं शिलाई मशीन, भिंतीला लागून जुना सोफा, त्यावर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग. तिसरा मजला. खिडकीतून मोबाइलचा टॉवर चक्क समोर दिसत होता. या घरात रेंज नसावी, असं कुठलंही गणित म्हणालं नसतं.

चिंगी मीटर घेऊन खोलीभर फिरली. दारात भरपूर. सोफ्याजवळ भरपूर. खिडकीत तर आकडा मावेना. मग ती मशीनवर वाकलेल्या वहिनीच्या जवळ गेली, आणि आकडा घसरला. थोडं बाजूला सरकली, पुन्हा चढला. परत आली, परत घसरला. तिने हळूहळू कडा शोधली. सावली हातभर रुंद होती आणि वहिनी व खिडकी यांच्या मध्ये, वहिनीच्या अगदी खांद्याशी पडत होती.

"काय सापडलं?" वहिनीने मान न उचलता विचारलं.

"थांब जरा. तू स्वयंपाकघरात जाऊन ये बरं."

"कशाला?"

"जा ना."

वहिनी उठून आत गेली. खिडकीतला आकडा वर चढला. चिंगी दबकत तिच्यामागे गेली. वहिनी ओट्याशी पाणी पीत होती आणि सावली तिच्याजवळ होती. चिंगीने मीटर वर वर नेलं. साडेपाच फुटांच्या जरासं वर आकडा मोकळा झाला.

पळून जावं, असं तिला वाटलं. जिना उतरावा, बस पकडावी, साहेबांना सांगून बदली मागावी. पण मीटर धरलेला तिचा हात ज्या जागी होता, तिथे कोणीतरी तीन दिवस उभं होतं. दारात नाही, चिंगीच्या घरी नाही. इथे. कानाला हात लावून, वहिनीच्या शेजारी.

दादा चिंगीला धरायला आलाच नव्हता. तो अजून फोन लावत होता.

८

"वहिनी, बस. मला काही सांगायचंय."

तिने सगळं सांगितलं. ते वळण, ती नोंद, तो शेरा, चेंबरमधली खाच आणि वहिनीच्या खांद्याशी पडणारी ही सावली. सांगताना तिचा आवाज चेंबरमधल्यासारखा ओठांवरच विरत होता, म्हणून काही वाक्यं दोनदा बोलावी लागली. वहिनी हातातली सुई तशीच धरून ऐकत होती.

"म्हणजे तिथे रेंज नव्हती?"

"नव्हती."

"म्हणजे त्याने फोन केला असेल?"

"केलाच असेल गं. संध्याकाळपर्यंत करत राहिला असेल. लागला नाही, एवढंच."

वहिनीचा चेहरा उजळला. रागाची तयारी करून बसलेल्या चिंगीला ते बघवेना. पाच वर्षं मिटलेलं काहीतरी त्या चेहऱ्यावर उघडलं, आणि वहिनी हसली, एखाद्या मुलीसारखी, दोन्ही हात तोंडावर ठेवून. "म्हणजे त्याने ऐकलं नाही माझं," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. माझं ऐकणारा कुठला तो!"

ती हसता हसता रडत होती. चिंगीही रडत होती. एवढंच द्यायचं होतं, एवढं एक वाक्य. ते कोणत्याही रविवारी देता आलं असतं.

मग वहिनीचं हसू ओसरलं. ती चिंगीकडे बघत राहिली, कोणी परकी बाई घरात शिरली असावी तशी.

"तू दर रविवारी येत होतीस," ती म्हणाली. "इथे बसून चहा पीत होतीस."

"वहिनी, मी..."

"मी रोज रात्री स्वतःला विचारायचे, का बोलले मी तसं. तुला सांगायचेसुद्धा. आणि तू माझा हात धरायचीस."

खाली रस्त्यावरून कोणीतरी कोणाला हाक मारत गेलं. मग वहिनी उठली, सोफ्यावरचा कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी उचलून तिने जमिनीवर ठेवला आणि उशी झटकून नीट केली.

"बस," ती म्हणाली. चिंगीने तिचा इतका मऊ आवाज पाच वर्षांत ऐकला नव्हता.

चिंगी सोफ्याकडे वळली.

"तू नाही," वहिनी म्हणाली.

आणि सोफ्याची गादी हळूहळू खाली दबली. दिवसभर उभा राहिलेला माणूस टेकतो तशी, आधी पुढची कडा, मग मागचा भाग. वहिनी त्या दबलेल्या जागेच्या शेजारी बसली आणि तिकडे तोंड करून अगदी हळू आवाजात काहीतरी बोलू लागली. चिंगी दोन पावलांवर उभी होती, तरी तिला त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता.